नेट गेलं की स्मार्ट प्लग मुका: माझा अनुभव

लक्षण: नेट गेलं की वायफाय प्लगवरचा दिवा ॲपमधून लागेना. राउटर रीस्टार्ट केला, प्लगला स्थिर आयपी दिला, उपयोग शून्य. प्रत्येक हुकूम इंटरनेटवरच्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येत होता. महिनाभर नुसता वैताग.

शेवटी झिगबी (घरातल्या उपकरणांची, नेट न लागणारी बिनतारी पद्धत) प्लग आणला आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं घरातूनच चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं. झिगबीचे संदेश पकडणारा यूएसबी डोंगल आधी पायच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात होता, तेव्हा प्लग सारखा गायब व्हायचा (तो पोर्ट झिगबीच्याच २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर गोंगाट करतो). मग मीटरभर एक्स्टेंशन वायर लावून काळ्या यूएसबी २ मध्ये खोचला. वायफाय आणि झिगबीची टक्कर नको म्हणून राउटरचं वायफाय चॅनल १, झिगबीचं २५ ठेवलं. त्यानंतरच प्लगचं बटण एलईडी लुकलुकेपर्यंत दाबून जोडणी केली.

फायबरची वायर उपटली, फोन घरच्या वायफायवरच ठेवला. दिवा लागला!