मे महिन्यात मॅट्रिजेल लावताना

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि मॅट्रिजेल, म्हणजे मूलपेशी धरून राहाव्यात म्हणून प्लेटच्या तळाला लावायचं जेल, १० अंशांच्या वर गेलं की घट्ट व्हायला लागतं. एकदा घट्ट झालं की थोडा वेळ बर्फात ठेवून ते लगेच परत पातळ होत नाही.

म्हणून आदल्या संध्याकाळीच गोठलेल्या जेलची व्हायल (छोटी कुपी) बर्फात रोवून, बर्फासकट फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभरात ती हळूहळू वितळते. सोबत पिपेटच्या टिप्सचा डबा, ट्यूब आणि जेल पातळ करायचं द्रव माध्यम डीएमईएम-एफ१२ हेही गार करा. टिप्स मी एकदा विसरले होते. जेल टिपमध्येच आळलं आणि प्लेटवर गुठळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एका कोपऱ्यात घट्ट, स्वच्छ कडांच्या वसाहती होत्या. मधोमध नुसतं प्लास्टिक, वर तरंगणाऱ्या मेलेल्या पेशी. मी तीन दिवस पेशींनाच दोष देत बसले.

मानवी मूलपेशी इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी खालचा थर धरतात, आणि ती पकड आतपर्यंत निरोप नेते: जगायचं, वाढायचं की रूप बदलायचं. थर किती कडक, हेही त्यांना कळतं. २००६ साली एंगलर आणि सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतल्या मेसेनकायमल पेशी (एक प्रकारच्या मूलपेशी) वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ, १ किलोपास्कलखालच्या जेलवर त्या चेतापेशींकडे झुकल्या, ८ ते १७ वर स्नायूंकडे, २५ ते ४० वर हाडाकडे. आपल्या प्लेटचं प्लास्टिक याहून हजारो पटींनी कडक! त्यामुळे थर ही नुसती बैठक समजू नका, औषधाइतकीच ती मोजून द्यायची गोष्ट आहे.

जेल किती पातळ करायचं ते लॉटच्या (उत्पादनाच्या खेपेच्या) कागदावर असतं, अंदाजाने नको. सहा खणांच्या प्लेटला खणामागे १ मिली घाला, प्लेट चारी बाजूंनी तिरकी करून तळ पूर्ण ओला झाला ना ते बघा, मग एसीच्या खोलीत तासभर सपाट ठेवा. कूलर लावलेल्या खोलीत हे काम करू नका. दमट हवेबरोबर बुरशी येते. पेशी सोडायच्या क्षणापर्यंत थर सुकू देऊ नका.

मॅट्रिजेल उंदराच्या ट्यूमरपासून काढतात, म्हणून प्रत्येक लॉट थोडा निराळा. नेमकं काय दिलं हे सांगता यायला हवं असेल तर व्हिट्रोनेक्टिन किंवा लॅमिनिन-५२१ यांसारखं एकच शुद्ध प्रथिन घ्या. उरलेल्या प्लेटा पॅराफिल्मने बंद करून ४ अंशांवर ठेवा, झाकणावर लॉट नंबर आणि तारीख लिहा. आठवडा उलटलेली प्लेट मी वापरत नाही.