नीसच्या समुद्रात डुंबायचंय? मग मे महिना विसरा, आणि या चुका टाळा

आधी आमचीच फजिती सांगतो. मे चा दुसरा आठवडा, शाळेला सुट्टी, पुण्यात ४० डिग्री आणि आम्ही फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीसला (स्पेलिंग बघून नाइस म्हणू नका, नीस). ऊन झकास, आकाश निळंशार, लोक हाफ पँटीत फिरतायत. लेक चपला फेकून धावत सुटला, पहिली चार पावलं गोट्यांवर आई गं आई गं करत गेली, पाचवं पाण्यात पडलं आणि तिथनं जो उलटा फिरला तो थेट टॉवेलात. पाणी १७ डिग्री! आपल्याकडे गणपतीपुळ्याला म्हणा की कळंगुटला म्हणा, समुद्राचं पाणी कधी गारठवत नाही, त्यामुळे समुद्राचं पाणी गार असतं हे पोराच्या डोक्यातच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

तर चूक नंबर एक हीच. ऊन बघून पाण्याचा अंदाज बांधणं. बंब पेटवल्या पेटवल्या पाणी तापतं का? आणि जाळ विझला तरी पाणी बराच वेळ कढत राहतंच ना? भूमध्य समुद्राचं तसंच आहे. नीसला पाणी सगळ्यात गार फेब्रुवारी-मार्चमध्ये, साधारण १३ डिग्री, मग मे मध्ये १६-१७, जूनच्या शेवटी २१-२२, ऑगस्टमध्ये २४-२५, आणि मग उतरताना इतकं हळू उतरतं की सप्टेंबरअखेर २२ च्या आसपास आणि ऑक्टोबरच्या मध्यालासुद्धा २० असतं. म्हणजे दसऱ्याचं पाणी अक्षय्य तृतीयेच्या पाण्यापेक्षा गरम. वेदर ॲपवर जो आकडा दिसतो तो हवेचा असतो, पाण्याचं टेम्परेचर वेगळं शोधावं लागतं आणि ते आपण कुणीच शोधत नाही.

मे मध्ये अजून एक गंमत आहे, ती खिशाला कळते. मे च्या मध्याला शेजारच्या कान (Cannes) शहरात फिल्म फेस्टिवल असतं, मोनॅकोची फॉर्म्युला वनची रेस वर्षानुवर्षं मे च्या शेवटी व्हायची (२०२६ पासून ती जूनच्या पहिल्या वीकेंडला नेलीय), आणि मधेमधे फ्रेंच लोकांचे लॉंग वीकेंड. नीस या दोघांच्या मधोमध, ट्रेननं दोन्हीकडे अर्ध्या तासाच्या आसपास, त्यामुळे सगळी गर्दी इथेच मुक्कामाला. आम्हाला काही कल्पना नव्हती, हॉटेलचे रेट बघून वाटलं युरोप आहे, महागच असणार. तारखा फक्त आठ दिवस इकडेतिकडे केल्या असत्या तरी फरक पडला असता.

आता तुम्ही म्हणाल ठीक आहे, मग जुलै-ऑगस्टला जाऊ. पाणी मस्त असतं यात वाद नाही. पण अख्खा फ्रान्स तेव्हाच सुट्टीवर निघतो, १५ ऑगस्टला त्यांचीही सुट्टी असते (मेरीमातेचा सण) आणि त्या आठवड्यात सार्वजनिक बीचवर टॉवेल टाकायला जागा शोधताना आपली लोकल आठवते. सावली नाही, गोटे तापलेले. प्रायव्हेट बीचवर गादी आणि छत्री भाड्यानं मिळते, पण माणशी २५-३० युरोच्या पुढे मोजायचे, चार जणांचे धरा आणि रुपयात करून बघा. दुसरं म्हणजे एसी. युरोपात कशाला लागतोय एसी, असं म्हणून स्वस्त अपार्टमेंट घेऊ नका, जुन्या नीसच्या बोळातली घरं रात्री गार होत नाहीत, ऑगस्टमध्ये रात्रीचं टेम्परेचरही २० च्या वरच असतं आणि उष्णतेची लाट आली तर विचारूच नका. बुकिंग करताना 'क्लिम' शब्द शोधा, म्हणजे एसी. आणि काही दिवस किनाऱ्याला जांभळट छोटे जेलीफिश येतात, रात्री चमकतात म्हणे, दिवसा नुसते चावतात. लागलाच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, गोड्या पाण्यानं धुतलं तर उरलेले काटे अजून विष सोडतात.

म्हणून माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. आम्ही दुसऱ्यांदा तेव्हाच गेलो, गणपती गेल्यावर. सासूबाईंनी नाक मुरडलं, पक्षपंधरवड्यात कुणी परदेशात जातं का म्हणून, शाळेत सहामाही तोंडावर होती ते वेगळंच. पण तोच लेक, तोच बीच आणि दुपारी चारला पाण्यात गेलेला साडेसहापर्यंत बाहेर यायला तयार नाही. फ्रेंच शाळा १ सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात, त्यामुळे पोरांची गर्दी गेलेली, हवा २४-२५, सूर्य सव्वासातला मावळणार. एकच गोष्ट बघून घ्या, अगदी शेवटच्या आठवड्यात मोनॅकोत मोठा यॉट शो असतो, तेव्हा रेट परत थोडे चढतात. गोटे मात्र बारा महिने तेच. रबरी सोलचे पाण्यातले बूट तिथेच सुपरमार्केटमध्ये मिळतात, ते घ्या, आणि लहान मुलांना एकटं सोडू नका कारण चार पावलांत पाणी छातीपर्यंत येतं, आपल्यासारखा लांबवर उथळ किनारा नाही. वाळूच हवी असेल तर ट्रेननं सात-आठ मिनिटांवर वीलफ्राँशला जा, खाडी शांत आहे, स्टेशनाला लागूनच बीच.

ऑक्टोबरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण दिवाळीच्या सुट्टीत जाणारे बरेच असतात. नीसला वर्षाचा पाऊस साधारण ७००-७५० मिलिमीटर, म्हणजे जवळपास पुण्याएवढाच, आणि जुलै जवळजवळ कोरडा. पण ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकेक महिना शंभरच्या वर. आणि तो आपल्या श्रावणासारखा रिमझिम नाही, वळवासारखा कोसळतो. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरनं दमट वारं येतं, मागे लगेच आल्प्सचे डोंगर, वर थंड हवा, मग दोन-तीन तासात महिन्याचा पाऊस. ३ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री कान आणि आजूबाजूला २० माणसं गेली, त्यातली काही तळघरातल्या पार्किंगमधनं गाडी बाहेर काढायला गेली होती. २ ऑक्टोबर २०२० ला नीसच्या मागच्या वेसुबी आणि रोया खोऱ्यांत रस्ते, पूल, घरं वाहून गेली. तेव्हा फ्रेंच हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर त्या दिवशी डोंगरातल्या गावांची ट्रिप रद्द, तळघरात उतरायचं नाही, हॉटेलात पत्ते खेळा. बाकी दिवस छान असतात, अगदी पोहता येतं. पण दिवाळी उशिरा असली की गणित बदलतं. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तोवर तिकडे घड्याळं तासभर मागे गेलेली असतात (ऑक्टोबरचा शेवटचा रविवार), सव्वापाचला अंधार, प्रायव्हेट बीचच्या बऱ्याच गाद्या गुंडाळलेल्या. दिवाळीतच पोहायचं असेल तर फ्रान्स सोडा, सायप्रस किंवा तुर्कीचं अंताल्या बघा. भूमध्य समुद्र सगळीकडे सारखा नसतो, पूर्वेकडे तो जास्त तापतो, तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही २२-२३ असतं. उलट फ्रान्सच्याच मार्सेय शहराकडे भर जुलैत मिस्त्राल नावाचा जोरदार उत्तरेचा वारा सुटला की वरचं गरम पाणी ढकललं जातं, खालचं गार वर येतं आणि एका रात्रीत पाणी पाच-सहा डिग्रीनं उतरतं. नीस त्या वाऱ्यापासून बऱ्यापैकी वाचतं.

आणि मजा म्हणजे हे गाव मुळात पोहणाऱ्यांसाठी वाढलेलंच नाही. समुद्राकाठचा तो प्रसिद्ध सात किलोमीटरचा रस्ता, प्रोमनाद देझाँग्ले, म्हणजे इंग्रजांचा फेरफटका, तो १८२० च्या दशकात थंडी काढायला आलेल्या इंग्रजांनी वर्गणी काढून सुरू केला. व्हिक्टोरिया राणी १८९० च्या दशकात वरच्या सिमिए टेकडीवर येऊन राहायची तीही मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाळ्यात तर हॉटेलं बंद असायची. २०२१ साली युनेस्कोनं नीसला वारसा यादीत घेतलं तेही हिवाळी पर्यटनाचं गाव म्हणूनच. त्यामुळे आईवडिलांना घेऊन जायचं असेल, पाण्यात कुणी उतरणारच नसेल, तर फेब्रुवारी बेस्ट. दुपारी १३-१४ डिग्री, स्वेटरवर भागतं, कार्निवल असतं, शेजारच्या माँताँला लिंबू-संत्र्यांचा महोत्सव.

व्हिसाचं लक्षात ठेवा, शेंगेनचा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मे साठी सगळे एकदम धावतात आणि अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, सप्टेंबरवाल्यांना त्या मानानं निवांत.

बरं, ज्यांचं मे चं तिकीट आधीच काढून झालंय त्यांनी कॅन्सल करून पैसे घालवू नका. गरम पाण्याचा स्विमिंग पूल असलेलं हॉटेल घ्या, समुद्रात जायचंच तर दुपारी दोन ते चार, बाकी वेळ काप फेरा या समुद्रात घुसलेल्या भूशिराच्या कडेनं चालायची वाट, डोंगरावरचं एझ गाव, चित्रकार शागालचं म्युझियम. आणि जुन्या नीसमध्ये सोक्का खा. बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. आमच्या सासूबाई पहिला घास खाऊन म्हणाल्या, अरे हे तर धिरडं, यात ओवा घालायला हवा होता.