'कोलेक्टीफशुल्ट'चा विग्रह करताना या चुका टाळा

'कोलेक्टीफशुल्ट' हा जर्मन शब्द; अर्थ सामूहिक दोष. नाझींच्या गुन्ह्यांचा दोष अख्ख्या जर्मन जनतेला लावायचा का, या १९४५ नंतरच्या वादात हा शब्द गाजला.

विग्रह शेवटच्या पदापासून करा. मुख्य पद तेच आणि समासाचं लिंगही त्याचंच. 'शुल्ट' म्हणजे दोष, हे नाम स्त्रीलिंगी, म्हणून आर्टिकल 'डी'. 'कोलेक्टीफ' म्हणजे समूह, हे नपुंसकलिंगी नाम डोक्यात ठेवून 'डास' लावलं की चुकलंच. इथे ते लॅटिनमधून आलेलं विशेषण आहे.

खरी गडबड 'शुल्ट'पाशी होते. 'शूले' म्हणजे शाळा; तिच्याशी याचं काही नातं नाही, ती लॅटिन 'स्कोला'ची. 'शुल्ट'चं जुनं रूप 'स्कुल्ड', आणि ते 'झोलन' (करायला हवं असणं) या क्रियापदाच्या कुळातलं. इंग्रजी 'शुड'ही त्याच कुळातलं. मूळ अर्थ 'जे देणं लागतं ते'. त्यामुळे एकाच शब्दात देणंही आहे आणि दोषही. 'आमच्या पित्या' या प्रार्थनेत जर्मन माणूस 'शुल्ट'ची क्षमा मागतो. मराठी बायबलमध्ये, मत्तयच्या सहाव्या अध्यायात, त्या जागी 'ऋण' आहे.

मग अर्थ ओळखायचा कसा? अनेकवचन बघा. 'शुल्डन' म्हणजे कर्ज, पैशाचं. समासातही हा 'न' कामाला येतो: 'शुल्टफ्रागे' हा दोषाचा प्रश्न, तर 'शुल्डनब्रेम्झे' हा सरकारी कर्जाला घातलेला घटनात्मक लगाम. उच्चारही तपासा. लिहिताना शेवटी 'ड' असला तरी तो 'ट' होतो. पुढे स्वर आला की 'ड' परततो.

'झिपनहाफ्ट' हा समानार्थी शब्द नव्हे. त्यात एकाच्या कृत्यासाठी नातलगांना अटक होते. २० जुलै १९४४ च्या हिटलरविरोधी कटानंतर, त्यात बॉम्ब ठेवणाऱ्या श्टाउफेनबेर्गच्या कुटुंबीयांना तशीच झाली.

जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सना सामूहिक दोषाचे पुरस्कर्ते ठरवणं ही तर फारच पसरलेली चूक. १९४६ च्या 'डी शुल्टफ्रागे' या पुस्तकात त्यांनी दोषाचे चार प्रकार केले: फौजदारी, राजकीय, नैतिक आणि आधिभौतिकापलीकडचा (मेटाफिजिकल). नागरिकांवर एकत्रितपणे येते ती राजकीय जबाबदारी. गुन्हा आणि नैतिक दोष ज्याचा त्याचा. पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष टेओडोर हॉइस यांनी डिसेंबर १९४९ मध्ये वीस्बाडेनच्या भाषणात 'शुल्ट' काढून 'शाम' म्हणजे लाज जोडली आणि 'कोलेक्टीफशाम' हा शब्द वापरला. त्यांच्या भाषणाचा हवाला देताना निदान हे शेवटचं पद तरी नीट उतरवा.