डास, बगळे आणि तापाचे रुग्ण : विषाणूंचा माग काढण्याच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

पावसाळा तोंडावर आला की नाशिकमधली प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी शिकणारी मुलं विचारू लागतात, "ताई, विषाणूंच्या सर्वेक्षणाच्या प्रकल्पात जागा निघाली तर अर्ज करू का? तिथे नेमकं काम काय असतं?" एमएस्सी झाल्यावर मी याच कामात शिरले आणि अजून त्यातच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. प्रत्येक विषाणूचा मुक्काम वेगळा असतो आणि तुमचं काम त्यावरून ठरतं. डेंग्यू आणि चिकुनगुन्या शहरात माणसाकडून एडिस डासाकडे आणि डासाकडून पुन्हा माणसाकडे फिरतात. त्यासाठी पक्ष्यांचं रक्त तपासून हाती काही लागणार नाही. जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइल यांचं तसं नाही. हे विषाणू क्युलेक्स डास आणि पक्षी यांच्यात फिरत राहतात. जपानी मेंदूज्वरात गायबगळे, वंचक, रातबगळे यांच्या जोडीला डुकरंही येतात. डुकराच्या रक्तात हा विषाणू झपाट्याने वाढतो, म्हणून वस्तीला लागून असलेल्या डुकरांची नोंद कधीही सोडायची नाही. माणूस यात अपघाताने सापडतो. तो आजारी पडतो, पण त्याच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो की त्याला चावलेल्या पुढच्या डासाला लागण होत नाही.

मग नुसते माणसांमधले रुग्ण मोजून का भागत नाही? जपानी मेंदूज्वराची लागण झालेल्या सुमारे २५० जणांमध्ये एकालाच गंभीर आजार होतो. वेस्ट नाइलमध्ये दहापैकी आठ जणांना काहीच लक्षणं दिसत नाहीत आणि मेंदूपर्यंत पोचणारा आजार साधारण १५० जणांत एकाला होतो. दवाखान्यात पहिला रुग्ण येतो तोवर विषाणू त्या परिसरात कितीतरी फिरून झालेला असतो. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये हेच घडलं. माणसांमधला मेंदूज्वर सुरुवातीला दुसऱ्याच एका विषाणूचा समजला गेला. त्याच सुमारास शहरात कावळे मरत होते, प्राणिसंग्रहालयातले पक्षीही मेले. त्या पक्ष्यांची तपासणी झाली तेव्हा वेस्ट नाइलचा उलगडा झाला. आपल्याकडे हा विषाणू नवा नाही. त्याच्या प्रतिपिंडांचा (विषाणूशी लढायला शरीर रक्तात तयार करतं त्या प्रथिनांचा) पुरावा मुंबईत १९५२ सालीच मिळाला होता. मात्र सगळीकडे न्यूयॉर्कसारखे पक्षी मरतील असं धरून चालू नका. जपानी मेंदूज्वराचा विषाणू अंगात असलेला बगळा सहसा ठणठणीत दिसतो. म्हणून तर त्याचं रक्त तपासावं लागतं.

नवख्या माणसाला बहुधा आधी शहरातल्या घरभेटी मिळतात. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही जा, दारात पहिलं वाक्य ऐकू येतं, "आमच्याकडे नाहीत हो डास." वाद घालू नका. "मावशी, फक्त पाण्याची भांडी बघते," म्हणा आणि आत जा. पिंप, रांजण, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, गच्चीवरचे टायर. एडिसला स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. या भेटींतून दोन आकडे निघतात. अळ्या सापडलेल्या घरांची टक्केवारी म्हणजे हाउस इंडेक्स. दर १०० घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, तो ब्रेटो इंडेक्स. एकाच घरात अशी पाच भांडी निघाली तर पहिल्या आकड्यात ते एकच घर, दुसऱ्यात पाच भांडी. दोन्ही लिहायचे. माझं मत विचाराल तर घरभेटींना कमी प्रतीचं काम समजणारी मुलं या क्षेत्रात फार काळ टिकत नाहीत. लोकांशी बोलायला इथेच शिकता येतं, आणि पुढे रक्ताचा नमुना मागायचा असतो तो याच लोकांकडे.

क्युलेक्सचं काम संध्याकाळी सुरू होतं. निफाडकडच्या गावांत दिवेलागणीनंतर गोठ्यात टॉर्च आणि अॅस्पिरेटर (डास ओढून घ्यायची नळी) घेऊन भिंतीवर, दावणीजवळ बसलेले डास ओढून घ्यायचे. एका माणसाने एका तासात किती पकडले, त्यावरून डासांची घनता काढतात. सोबत रात्रभर लाइट ट्रॅप लावून ठेवतात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडे भातखाचरं आहेत आणि जपानी मेंदूज्वर पसरवणारा क्युलेक्स ट्रायटेनिओरिंकस अशाच पाण्यात वाढतो, त्यामुळे तिकडचं वेळापत्रक भाताच्या लावणीनुसार आखतात. पकडलेले डास गार ठेवूनच ओळखायचे, कारण उष्णतेत विषाणू टिकत नाही. ट्रायटेनिओरिंकसच्या सोंडेवर फिकट पट्टा असतो. एडिस इजिप्तीच्या पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण असते, तर एडिस अल्बोपिक्टसच्या पाठीवर सरळ एकच पांढरी रेघ. ओळखून झालं की एका जातीच्या, एका जागेच्या माद्यांचे २५ किंवा ५० चे गट करून उणे ८० अंशांवर ठेवायचे. पुढे गट तपासला जातो, एकेक डास नाही. २,००० डासांचे ४० गट केले आणि दोन गटांत विषाणू सापडला, तर त्या प्रत्येक गटात निदान एक डास बाधित धरायचा, म्हणजे संसर्गाचं प्रमाण किमान हजारात एक.

पक्ष्यांच्या कामाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, आणि नांदूर मध्यमेश्वर जवळ असल्यामुळे ते साहजिक आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात स्थलांतरित बदकं इथे उतरतात आणि बगळे तर बारमाही आहेत. पण वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय इथे कुठल्याही पक्ष्याला हात लावता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा संशोधकांनाही लागू आहे. जाळं लावणं, पक्षी सोडवणं, पंखाच्या शिरेतून रक्त घेणं ही प्रशिक्षित हातांची कामं आहेत. एका वेळी वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त घ्यायचं नाही. २५ ग्रॅमच्या चिमणीचं पाव मिलिलिटर, फार तर. सुरुवातीला तुमच्याकडे वही असेल आणि घड्याळ असेल. जाळ्यात सापडल्यापासून सोडेपर्यंत पक्षी किती मिनिटं हातात होता, हे लिहिणारा माणूस त्या चमूत फार मोलाचा असतो.

आपल्याकडे पक्ष्यांना वाळे घालण्याची (माग काढता यावा म्हणून पायात खुणेचं कडं अडकवण्याची) परंपराही आजारांच्या शोधातूनच मोठी झाली, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरचा आजार (माकडताप) उघडकीला आला. तो पसरतो गोचिडांतून, पण स्थलांतरित पक्ष्यांनी विषाणू आणला का, ही शंका निघाली. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना वाळे घालायला सुरुवात केली.

मेलेला पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलायचा नाही. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या शेजारी, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. जागा आणि वेळ टिपून पशुसंवर्धन विभागाला कळवा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते. या कामात तारखेशिवाय नमुन्याला अर्थ नाही. डेंग्यूचं एनएस-१ प्रतिजन, म्हणजे विषाणूचंच एक प्रथिन, तापाच्या पहिल्या पाच दिवसांत सापडतं. आयजीएम, म्हणजे लागणीनंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडं, त्यानंतर खात्रीने दिसतात. रुग्णाच्या कागदावर नुसती नमुना घेतल्याची तारीख असेल आणि ताप कधी आला ते नसेल, तर 'निगेटिव्ह' या शब्दावरून काहीच ठरवता येत नाही. पक्ष्याच्या रक्तात विषाणू मोजके दिवसच असतो, प्रतिपिंडं मात्र पुढे बराच काळ राहतात. त्यामुळे प्रतिपिंडं सापडलेला स्थलांतरित पक्षी लागण घेऊन आला की त्याला ती इथे झाली, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. बारमाही बगळ्याचं पिल्लू असेल तर बरंच सांगता येतं, कारण ते इथेच जन्मलेलं असतं. त्यात डेंग्यू, जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइल एकाच कुळातले. त्यांची प्रतिपिंडं चाचणीत एकमेकांसारखी वागतात. मग न्यूट्रलायझेशन चाचणी (प्रतिपिंडं नेमक्या कोणत्या विषाणूला रोखतात ते बघणारी) करावी लागते, तिला वेळ लागतो आणि ती सगळीकडे होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी नमुना पोचतो तेव्हा त्याच्यासोबत फक्त तुमची चिठ्ठी असते. आजाराचा पहिला दिवस, नमुन्याचा दिवस, गाव, वस्ती, रुग्णाने केलेला प्रवास. यातलं काहीही "नंतर भरू" म्हणून ठेवू नका. गावात परत जाऊन विचारलं तर ताप सोमवारी आला होता की गुरुवारी, हे घरच्यांनाही आठवत नाही.

नोकरीचं म्हणाल तर प्रकल्पातली पदं बहुतेक कंत्राटी असतात आणि प्रकल्पाची मुदत संपली की संपतात. घरी हे आधी सांगून ठेवा. बीएस्सी प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, डीएमएलटी, पशुवैद्यक, संख्याशास्त्र, सगळ्यांना इथे जागा आहे. डासांतच पुढे जायचं असेल तर पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमधला पब्लिक हेल्थ एंटमॉलॉजीचा एमएस्सी अभ्यासक्रम जरूर बघा. महापालिकेचा मलेरिया विभाग आणि जिल्हा हिवताप कार्यालय इथल्या जुन्या कर्मचाऱ्यांशी ओळख करून घ्या. कुठल्या नाल्याला कधी डास वाढतात हे त्यांना तोंडपाठ असतं. जीपीएसवरच्या नोंदी नकाशावर मांडायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. रुजू होण्याआधी जपानी मेंदूज्वराच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

अर्ज करण्याआधी घरच्या घरी सरावही करता येईल. पावसाळ्यात अंगणातलं एखादं भांडं बघा. अॅनोफिलिसची (मलेरियाच्या डासाची) अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. क्युलेक्स आणि एडिस डोकं खाली करून लटकतात, त्यात क्युलेक्सची श्वासनळी लांब आणि बारीक, एडिसची आखूड आणि जाड. भिंगातून हा फरक दिसतो. बघून झालं की पाणी कोरड्या मातीवर ओता, गटारात नको. आणि भांडं आतून घासा, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात आणि पाणी लागलं की फुटतात.