लिफ्ट केलेल्या जिप्सीची थरथर कशी घालवावी

गाडी दोन इंच उचलली, मोठे टायर बसवले, आणि हायवेला 70 च्या पुढे गेल्यावर सीटखालून घरघर सुरू झाली. आता बहुतेक जण व्हील बॅलन्सिंग करून घेतात, फरक पडत नाही म्हणून पुन्हा एकदा करून घेतात. दोष अनेकदा प्रॉप शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळीच्या, कोनात असतो.

आधी थरथर ओळखा. 28 इंची टायर ताशी 80 किमीला सेकंदाला साधारण 10 फेरे घेतो. हाउसिंगचा (दोन चाकांमधल्या अ‍ॅक्सलचा) रेशो 4 च्या आसपास धरला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार, तर शाफ्टचे 40 फेरे झाले. वाकड्या कोनात चालणारा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) दर फेऱ्याला दोनदा वेग कमीजास्त करतो, म्हणजे सेकंदाला 80 वेळा. म्हणून चाकाचा दोष स्टिअरिंग हलवतो, शाफ्टचा दोष फरशीतून तळपायाला बारीक मुंग्या आणतो. एक्सलेटर दाबल्यावर वाढली आणि सोडल्यावर कमी झाली, तर कोनांवर संशय घ्या. पुढचे हब फ्री केल्यावर, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सोडवल्यावर, गेली, तर पुढचा शाफ्ट.

मग गाडीखाली जा. सपाट जागा, चाकांना दगड, जॅकवर भरवसा नाही, स्टँड लावायचेच. क्रॉस हाताने पिळून बघा. जरा जरी खडखडला, किंवा कपातून गंजाची लाल पूड आली, तर तो आधी बदला. जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. लिफ्टने त्याचा कोन बदलत नाही, पण ट्रान्सफरची रबर माउंटिंग फाटली असतील तर बदलतो. ती न बघता पुढचं काहीही मोजण्यात अर्थ नाही.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे कान एका रेषेत आहेत का, तेही बघा. स्प्लाइन (शाफ्टचा दात्यांचा सरकता जोड) सुटी करून परत घालताना एक-दोन दाते चुकले की नवा क्रॉससुद्धा थरथरतो. म्हणून शाफ्ट उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंचने खूण करायची. खडूची खूण ग्रीसच्या हाताने पुसली जाते.

आता कोन. गाडी चाकांवर उभी, टाकी आणि सामान नेहमीइतकं. चुंबकाचा डिजिटल अँगल गेज घ्या. घाईत मोबाइलचं अ‍ॅपही चालतं. तीन ठिकाणी मोजा: ट्रान्सफरचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती), शाफ्टची नळी, आणि हाउसिंगच्या पिनियनचा, म्हणजे शाफ्ट जोडलेल्या त्याच्या नाकाचा, फ्लँज. फ्लँजचा चेहरा उभा असतो, म्हणून त्याचा आकडा 90 मधून वजा करून घ्या.

एका मित्राच्या लिफ्ट केलेल्या गाडीत हे आकडे आले. ट्रान्सफर मागच्या बाजूला 4 अंश उतरता, शाफ्ट 13 अंश, पण पिनियनचा उतार फक्त 1 अंश, म्हणजे त्याचं नाक हवं त्यापेक्षा खाली.  शाफ्टच्या आकड्यातून वजा केलं तर पुढच्या क्रॉसला 9 अंश, मागच्याला 12. दोन्ही सारखे असते तर एकाची चढउतार दुसऱ्याने खाल्ली असती.

इथेच बहुतेक जण चुकतात. पिनियनचं नाक ट्रान्सफरकडे रोखून धरायचं, असं वाटतं. ते डबल क्रॉसच्या (एका टोकाला दोन क्रॉसची जोडी असलेल्या) शाफ्टला लागू आहे. साध्या शाफ्टला दोन्ही फ्लँज समांतर हवेत. फरक 1 अंशाच्या आत आणा. जोर लागला की पाटे (लीफ स्प्रिंग) पिळून नाक थोडं वर येतं, म्हणून ते 1 अंश खालीच सोडलेलं बरं. मित्राच्या गाडीला पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये 2 अंशांची पाचर बसवली. पिनियन 3 वर आला, क्रॉस 9 आणि 10 झाले.

पाचर लोखंडीच घ्या, अ‍ॅल्युमिनियमची दबते, फुटते. पाटा हाउसिंगच्या खाली असेल, जसा मूळ जिप्सीत असतो, तर नाक वर करायला जाड बाजू पुढे. पाटा वर घेतला असेल तर जाड बाजू मागे. सेंटर बोल्ट पाचरेच्या जाडीइतका लांब लागेल. पाटा हाउसिंगला बांधणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका, आणि 100 किमी चालवून पुन्हा ताणा.

एवढ्याने क्रॉसचा 9 अंशांचा कोन कमी होत नाही. हायवेला 3 अंशांच्या आत असेल तर उत्तम, जास्त झाला की क्रॉस लवकर जातो. ट्रान्सफर थोडा खाली घेणं हा उपाय आहे, पण खडकावर तोच आधी आपटतो. मी असतो तर लिफ्टच एक इंच कमी केली असती.

शेवटी मागचा भाग जॅकने उचलून चाकं लोंबकळू द्या आणि स्प्लाइन किती बाहेर आली ते बघा. निम्म्याहून जास्त आली असेल तर शाफ्टला स्पेसर (जाड चकती) लावा किंवा तो लांब करून बॅलन्स करून घ्या. शाफ्ट काढलेला असताना गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर सोडू नका, मागच्या चाकांना गिअर धरत नाही.