माळ्यावरच्या पीसीतून याहू मेसेंजरच्या गप्पा कशा काढायच्या

माळ्यावर जुना पीसी पडलाय? भंगारात द्यायच्या आधी हे वाचाच. तेव्हाचे पीसीवरचे चॅटचे प्रोग्राम आता राहिले नाहीत, एमएसएन मेसेंजर २०१३ ला गुंडाळलं, याहू १७ जुलै २०१८ ला बंद झालं, १९९६ पासूनचं आयसीक्यूसुद्धा जून २०२४ ला गेलं, म्हणजे आता पासवर्ड आठवला तरी लॉगिन कुठे करणार. फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आलं, नंबर टाकला की काम झालं, मग पीसीसमोर बसून कोण ऑनलाइन येतंय याची वाट बघायची गरजच राहिली नाही. पण तेव्हा आर्काइव्ह, म्हणजे गप्पा साठवून ठेवायचं सेटिंग, चालू ठेवलं असेल तर त्या गप्पा आपल्याच हार्डडिस्कवर आहेत.

पीसी चालू करत बसू नका, डिस्क काढा. रुंद पट्टीवाली केबल असेल तर ती आयडीई, बारीक असेल तर साटा, ती आत्ताच्या कॉम्प्युटरला जोडायला दोन्हीला चालणारा यूएसबी अडॅप्टर घ्या, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला बघा, पण मोठ्या डिस्कला वेगळी पॉवर लागते, तेव्हा त्याच्यासोबत ती आहे ना हे दुकानातच तपासा. मग आधी सगळं कॉपी करून घ्या, जुन्या डिस्कचा भरवसा नसतो.

आता प्रोग्राम फाइल्समध्ये याहू, मेसेंजर, प्रोफाइल्स, तुमचा आयडी आणि त्यात आर्काइव्ह. व्हिस्टा किंवा विंडोज ७ असेल तर हेच सगळं अ‍ॅपडेटातल्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये असू शकतं. त्यातली गप्पांची डॅट फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसेल, घाबरू नका, याहू तुमच्या आयडीचीच किल्ली करून मजकूर एक्सॉर करायचं, म्हणजे त्या किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बदलून ठेवायचं. फुकटचे डिकोडर मिळतात, त्यात आयडी बरोबर टाकायचा, एक अक्षर चुकलं की परत कचराच.

एमएसएनचं सोपं, माय रिसीव्ह्ड फाइल्समधलं हिस्टरी फोल्डर बघा, साध्या एक्सएमएल फाइल्स असतात. गूगल टॉकवाल्यांनी जीमेलचं चॅट्स लेबल बघावं.

शब्दाने शोधताना मात्र जपून, तेव्हा आपण मराठी रोमन लिपीत ठोकायचो आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. याहूच्या फाइलच्या नावातच तारीख असते, ती धरा. दादा अमेरिकेला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची फाइल आम्ही उघडली, तर आईने एका बोटाने टाइप केलेलं होतं, पोचलास का, जेवलास का.