संग्रहालयाकडून चित्राची प्रिंट कशी मागवावी

आवडलेलं चित्र कुठल्या संग्रहालयात आहे ते पाहा आणि शक्य असेल तर प्रिंट तिथल्याच दुकानातून मागवा. मूळ चित्रावरून काढलेला नेमका फोटो त्यांच्याकडे असतो. इतर विक्रेत्यांनी फाइल कुठून उचलली ते सहसा कळत नाही. लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं मात्र नीट बघून घ्या. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्राच्या प्रती अनेक संग्रहालयांत आहेत. काहींच्या आकाशात गुलाबी छटा टिकली आहे, काहींची उडाली आहे.

कागद जाड, मॅट, आम्लरहित, शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची. तैलचित्राला चकचकीत कागद शोभतो, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. त्यात चित्र कमी आणि खोलीतला दिवा जास्त दिसतो.

आता आकार. खरा घोळ इथे होतो आणि मला हे गणित उमगायला बराच वेळ लागला. ‘आधी फ्रेम ठरवा, मग त्या मापाची प्रिंट घ्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो उलटा आहे. माप चित्राकडून घ्यायचं.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं डच चित्रकार व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र घ्या. मूळ चित्र ४१ सेंमी रुंद आणि ४५.५ सेंमी उंच, म्हणजे जवळपास चौरस. ते ३० × ४० सेंमीच्या कागदावर मागवलंत आणि ‘पूर्ण कागद भरा’ हा पर्याय निवडलात, तर ४० सेंमी उंचीला चित्राची रुंदी ३६ होते. कागद ३०चाच. रुंदीतले जास्तीचे ६ सेंमी कापले जाणार, बहुधा दोन्ही बाजूंनी तीन-तीन. डावीकडे ती खिडकी आहे, जिच्यातून चित्रातला सगळा उजेड येतो. कात्री नेमकी तिच्यावर चालते!

म्हणून रुंदीला उंचीने भागा. चित्राचं उत्तर ०.९०, कागदाचं ०.७५. एवढा फरक असेल तर ‘संपूर्ण चित्र, पांढऱ्या समासासह’ हाच पर्याय घ्या. समास फ्रेममधल्या माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकता येतो. पैसे भरण्याआधी पडद्यावरच्या नमुन्याच्या चारही कडा मूळ चित्राशी ताडून पाहा. कोपऱ्यातल्या सह्या हमखास उडतात. ताणलेल्या कॅनव्हासवर चित्राची कड लाकडी चौकटीच्या बाजूंवर वळवतात, तेवढं चित्र समोरून दिसत नाही. तिथे कोरी कड मागा.

फार मोठं चित्र असेल तर त्याचा एखादा भागच छापून घ्या. रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ सुमारे साडेचार मीटर रुंद आहे. ते ४५ सेंमीवर आणलं की खऱ्या माणसाच्या चेहऱ्याएवढे चेहरे बोटाच्या पेराएवढे होतात. मग भिंतीवर उरतो तो तपकिरी काळोख.

ऑर्डरनुसार छापलेली प्रिंट बहुतेक दुकानं निव्वळ पसंत नाही म्हणून परत घेत नाहीत. परदेशातून येत असेल तर आयात कर वेगळा लागू शकतो.

नळीतून आलेली प्रिंट उलटी गुंडाळून सरळ करायला जाऊ नका, शाईच्या थराला चिरा पडतात. दोन स्वच्छ कागदांमध्ये ठेवा, वर सपाट वजन ठेवा आणि एक-दोन दिवस थांबा. फ्रेम करताना काच प्रिंटला टेकू देऊ नका. दमट हवेत प्रिंट काचेला चिकटते आणि मग सुटत नाही.